"तुमच्यात सेवा असतेच ना" : नोकरीत किती द्यायचं?

रूथ_नगरकर
सगळ्यांना सलाम. इथं बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

पुण्यात एका खाजगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. माहेर नगरचं, ख्रिस्ती. द्यायचं कसं हे आमच्या घरात कुणी बसवून शिकवलं नाही. पगाराच्या दिवशी पप्पा जेवायच्या आधी दशमांशाच्या, म्हणजे देवासाठीच्या दहाव्या भागाच्या, नोटा मोजून एका जुन्या खाकी पाकिटात घालायचे. मग दूधवाला, किराणा, आमच्या फिया. महिनाअखेरीला मम्मीनं कितीदा तरी शेजारून वाटीभर साखर आणली असेल, पण त्या पाकिटाला कुणी हात लावला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या नऊ नाइट झाल्या. त्यातल्या चार माझ्या नव्हत्याच. कुणाचं मूल आजारी, कुणाकडे पाहुणे, एकीचा साखरपुडा. प्रत्येक वेळी वाक्य तेच, "तू घे ना, तुमच्यात सेवा असतेच." मी घेते. नाही म्हणायला जीभच उचलत नाही, कारण आत कुठंतरी वाटतं की हेच तर शिकलोय आपण.

चौथ्या रात्रीनंतर सकाळी हँडओव्हर देत होते. सात नंबर बेडचा औषधाचा पंप चारवर चालू होता आणि मी तोंडानं चाळीस सांगितलं. समोरची मुलगी नवीन, पण पंपाकडे बघून म्हणाली, "सिस्टर, चार दिसतंय." पेशंटला काही झालं नाही. मी मात्र घरी जाताना बसमध्ये रडले.

ख्रिस्तानं स्वतःला दिलं ते मोजून दिलं नाही. मग मी मोजायचं का? तुमच्या नोकरीधंद्यात तुम्ही हे कसं सांभाळता?

बावखल
रूथताई, आधी झोप काढा. मग वाचा आमची उत्तरं.

निवृत्त_पाळक
मुली, तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. चाळीस वर्षं मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, सेवा केली, पहिली बारा खेड्यांत. पगार मिळायचा तेव्हा मिळायचा. नाहीतर कुणी ज्वारीची पायली आणून द्यायचा, कुणी अंडी. आमच्या घरी रात्री दोन वाजता दार वाजलं तर उठायचंच, हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. मला विचारशील तर देण्याला माप लावलं की ते देणं राहत नाही, देवघेव होते. बायबलमधल्या त्या गरीब विधवेनं मंदिराच्या पेटीत दोन टोल्या, होती तेवढी बारीक नाणी, टाकल्या; एक ठेवून एक नाही टाकली. तू जे करते आहेस ते स्वर्गात लिहिलं जातंय. दमलीस तर प्रार्थना कर, बळ मिळेल.

हिशेबनीस
पाळकसाहेब, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत. विधवेनं स्वतःच्या टोल्या टाकल्या. रूथताई जे देतायत त्यात सात नंबर बेडचा वाटा आहे. दुसऱ्याच्या जिवावरची उदारता आपली नसते.

आणि चार मैत्रिणींच्या चार ड्युट्या एकीनं केल्या तर आयसीयूत माणसं कमी आहेत ही गोष्ट झाकली जाते. व्यवस्थापनाच्या कागदावर सगळं भरलेलं दिसतं. हा फायदा नेमका कुणाला दिला जातोय?

मिरज_जंक्शन
हिशेबनीस यांच्याशी सहमत, पण एक बाजू सुटतेय म्हणून लिहितो. "तुमच्यात सेवा असते" हे वाक्य टोचणारं असलं तरी ते आकाशातून पडलेलं नाही. आमच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये रुग्णालय उभं राहिलं. हा कॅनडाचा माणूस. सांगलीजवळचं वॉनलेसवाडी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं, तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. क्षय झालेल्याला घरचे वेगळं ताट लावत त्या काळात. मिशनच्या दवाखान्यांतून शिकलेल्या मुली गावोगाव गेल्या, त्यात बहुतेक ख्रिस्ती. बाळंतिणीला, महारोग्याला हात लावायला लोक कचरत तेव्हा त्या लावत. माझी आजी त्यातलीच एक.

पण आजीचं एक सांगतो. ती रात्रपाळीहून आली की दुपारी तीनपर्यंत तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी. आजोबा उंबऱ्यात उभे राहिले तरी उघडायची नाही. म्हणायची, "रात्री ज्यांना मी पाहिजे, त्यांच्यासाठी आत्ता झोपते आहे." ती कडी मला आज तिच्या सेवेचाच भाग वाटते.

माउलीचा_वारकरी
मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतोय. आमच्या घरचं दिंडीला एक दिवसाचं जेवण असतं, तिसरी पिढी. त्यामुळे देण्यातला आनंद ओळखीचा आहे. एक विचारतो, राग मानू नका. आम्ही दान म्हणतो, तुम्ही अर्पण म्हणता. यात फरक आहे का नुसता शब्द वेगळा?

निवृत्त_पाळक
वारकरीबुवा, राग कसला, चांगलं विचारलंत. दान हा शब्द आमच्यातही आहे. पण मंडळीत थैली फिरते तेव्हा तिला अर्पण म्हणतात, कारण आमची समजूत अशी की जे आहे ते त्याचंच आहे, आपण त्याच्यापुढं परत ठेवतो. दावीद राजा मंदिरासाठी सोनं-रुपं गोळा झाल्यावर हेच म्हणाला : तुझ्याच हातून मिळालेलं तुला दिलं. त्यामुळे देणाऱ्याला मोठेपणा घ्यायला जागाच उरत नाही, निदान उरू नये.

हिशेबनीस, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवतो आहे. सात नंबर बेड मी पाहिला नव्हता हे खरं.

तुळसाबाईचा_नातू
अर्पणाचा विषय निघालाय तर आमच्या गावच्या हंगामाच्या सणाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जालना जिल्हा, मंडळी सगळी तीस-पस्तीस घरांची, अर्ध्याहून जास्त शेतमजूर. सणाला देवळात (चर्चलाच आम्ही देऊळ म्हणतो) वेदीपुढं ढीग लागतो : ज्वारीची कणसं, कापूस, भोपळे, गाजरं, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव.

पाचएक वर्षांपूर्वी एका आजीनं एक भोपळा आणला होता, शेणाच्या उकिरड्यावर उगवलेला, एका बाजूनं चपटा. बोली सुरू झाली पन्नासपासून. संभाजीनगरला नोकरीला असलेल्या एकानं पाचशेला घेतला आणि म्हणाला, परत ठेवा लिलावात. दुसऱ्यानं सहाशेला घेतला, त्यानंही परत ठेवला. असा तो भोपळा अकरा वेळा विकला गेला. शेवटी ज्यानं घेतला त्यानं उचलून त्या आजीच्याच मांडीवर ठेवला. आजी म्हणाली, "आता मी काय करू याचं?" सगळे म्हणाले, भाजी करा, आम्ही येतो. आणि खरंच संध्याकाळी भाकरी बांधून सगळे तिच्या अंगणात.

ज्या आजीकडं विकत घ्यायला काही नव्हतं तिच्या भोपळ्यावर शाळेच्या खोलीचे पत्रे आले. लिलाव करणारा दर वर्षी तिच्या वस्तूपासून सुरुवात करतो.

बावखल
वा! भोपळा वाचून भूक लागली. आमच्याकडं वसईत अशा दिवशी केळीचा घड असता.

पणजी_फेरी
आमच्या गोव्यात फेस्ताला (चर्चच्या सणाला) लादाइन्यानंतर, म्हणजे सामूहिक प्रार्थनेनंतर, जे वाटतात त्यात पण हाच भाव. उकडलेले चणे सगळ्यांच्या हातावर, भाटकार (जमीनमालक) असो की मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारा).

हिशेबनीस
थोडं विषयांतर, पण कधीचं विचारायचंय. दशमांश ढोबळ पगारावर काढता की हातात येणाऱ्यावर? मी भविष्यनिर्वाह निधी आणि आयकर कापून येणाऱ्या रकमेवर काढतो. सासरे म्हणतात ढोबळवर.

शारजाची_सून
सासऱ्यांचं ऐका, घरात शांती राहील :) आम्ही ढोबळवर काढतो, पण त्याचे तीन भाग : एक मंडळीला, एक गावाकडच्या दोन मुलींच्या फीला, एक हाताशी ठेवायचा. इथं कुणा कामगाराचं तिकीट अडलं, कुणाचा पासपोर्ट मालकानं धरून ठेवला, तेव्हा तो तिसरा भाग उपयोगी पडतो.

निवृत्त_पाळक
नव्या करारात टक्का नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात एवढंच सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. दुसऱ्या पत्रात म्हणतो, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. दहावा भाग ही चांगली सवय आहे, छातीवर लावायचं पदक नाही.

हिशेबनीस
धन्यवाद. आणि मंडळ्यांनी जमाखर्च दर तिमाहीला फलकावर लावावा ही माझी विनंती कुठंतरी नोंदवून ठेवा. लोक विश्वासानं टाकतात, त्या विश्वासाचा हिशेब द्यायला हवा.

गवंडीकाका
मी लिहीन की नको असा आठवडाभर विचार केला. लिहितो.

छोटा बांधकाम ठेकेदार आहे. कधी दहा माणसं, कधी पंचवीस. सात वर्षांमागं आमच्या देवळाचं नूतनीकरण निघालं. मी वडिलांच्या नावानं सागवानी बाक दिला, पितळी पट्टी लावून. त्याच महिन्यात एका मालकानं माझं बिल अडकवलं होतं आणि मी माझ्या माणसांची तीन आठवड्यांची मजुरी थकवली होती. मनाला सांगत होतो, बिल आलं की देऊ, सगळ्यांचंच असं चालतं.

रविवारी माझ्याकडचा एक बिगारी देवळाच्या दारात आला. यवतमाळकडचा पोरगा, ख्रिस्ती नाही. बायको बाळंत होणार होती, पाचशे रुपये मागायला आला होता. मी बाहेर येईपर्यंत तो आत डोकावून बाक बघत होता. पट्टीवरचं नाव त्यानं बोट ठेवून वाचलं. काही बोलला नाही. मी पाचशे दिले, त्यानं दोन्ही हातांनी घेतले, जणू मी उपकार करतोय. त्याचेच पैसे होते ते.

त्या रात्री बायबलमधलं याकोबाचं पत्र उघडलं. पाचव्या अध्यायात लिहिलंय की शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. मोशेच्या नियमशास्त्रात तर मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या असं आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. हे वचन मी लहानपणी संडे स्कूलला पाठ म्हणून बक्षीस घेतलं होतं.

सोमवारी सोनं गहाण ठेवून सगळ्यांचं चुकतं केलं. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी सहाला मजुरी, बिल येवो न येवो. त्यासाठी कामं कमी घेतो. देवळाला देतो ते त्यानंतर उरलं त्यातून. पट्टी काढून टाकली, चार भोकं बाकावर अजून दिसतात.

केडगाव_लोकल
गवंडीकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मला पंडिता रमाबाईंची आठवण आली. लोक त्यांच्या त्यागाबद्दल बोलतात ते खरंच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला माळरानावर मुक्ती मिशन उभं राहिलं. पण मला जास्त मोठं वाटतं ते त्यांनी तिथं काय चालवलं ते. आलेल्या बाईला नुसतं जेवण देऊन बसवलं नाही. शेती, विणकाम, छपाई, स्वयंपाक, शिकवणं, प्रत्येकीच्या हाताला काम. अंध बायकांसाठी बार्तिमी सदन होतं, त्यांनाही काम शिकवलं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणलं, त्याची छपाई मुक्तीतच, तिथल्याच बायकांच्या हातून झाली. काल जी दयेवर जगत होती ती आज छपाईचे खिळे जुळवतेय. देणारीनं घेणारीला देणारी करून ठेवलं.

रूथताई, म्हणून तुमच्या धाग्यावर मला विचारावंसं वाटतं : तुमच्या मैत्रिणी तुमच्याकडून घेऊन देणाऱ्या होतायत, की घेणाऱ्याच राहतायत?

बावखल
आता जरा नीट लिहितो, आधीच्या दोन प्रतिसादांत मस्करीच केली.

आमच्या वसईत कित्येक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. पॅरिसला १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं मित्रांबरोबर सुरू केलेली. मी त्यात आठ वर्षं आहे. दोघादोघांनी जायचं, गरजू घरी बसायचं, बोलायचं. सभेच्या शेवटी एक कापडी थैली फिरते. आम्ही तिला गुप्त थैलीच म्हणतो. प्रत्येकानं बंद मूठ आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कुणी पाचशे टाकले, कुणी पाच, कुणी काहीच नाही, कळत नाही. ज्याला त्या आठवड्यात जमलं नाही त्याचीही मूठ आत जाते.

पहिल्या वर्षी माझी नोकरी गेली होती. सहा महिने माझी मूठ रिकामी आत जायची. त्या थैलीनं मला लाजवलं नाही, म्हणून मी टिकलो.

आणि वसईचीच दुसरी गोष्ट. १९१८ मध्ये धर्मगुरू मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी इथं सहकारी पतपेढी सुरू केली, तीच पुढं बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराच्या पाशातल्या वाडीवाल्याला भिक्षा घालण्यापेक्षा रास्त व्याजाचं कर्ज मिळवून देणं, हेही देणंच. पानवेल, केळी, भाजी लावणारी माणसं होती ती. त्यांना दया नको होती, हंगामापर्यंत दम हवा होता.

मिरज_जंक्शन
"हंगामापर्यंत दम", किती बरोबर शब्द.

आयझॉलची_वहिनी
मूळची साताऱ्याची, नवरा मिझो, आता राहायला पुण्यात. मिझोरामला सासूबाई स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेतात आणि भांडं चुलीवर ठेवायच्या आधी त्यातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकतात. दर स्वयंपाकाला. आठवड्याला मंडळीच्या बायका तो तांदूळ गोळा करायला येतात, विकून आलेला पैसा चर्चच्या कामाला. त्याला बुहफाई थाम म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, घरात तांदूळ कमी असेल तर? त्या म्हणाल्या, जेवायला तांदूळ आहे तोवर द्यायला आहे.

पण बघा, मूठ भांड्यातून काढायची आहे. भांडं उपडं करायचं नाही. उद्या परत मूठ काढायची तर आज घरच्यांनी जेवलं पाहिजे. रूथ, तू भांडं उपडं करते आहेस गं.

तुळसाबाईचा_नातू
अगदी हेच! आमच्या आजीचं ज्वारीचं मडकं असंच होतं, जात्याशेजारी. दळायला बसायच्या आधी एक मूठ त्यात. दुष्काळात आम्ही मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खायचो, तेव्हाही मूठ मिलोचीच पण पडायची.

माउलीचा_वारकरी
माझ्या आईचं मुठीचं पीठ, माधुकरीवाल्यासाठी. नाव वेगळं, डबा तोच.

निवृत्त_पाळक
वहिनीबाईंचं वाचून मी माझं आधीचं उत्तर परत उघडलं. रूथ, मी तुला "दमलीस तर प्रार्थना कर" असं लिहिलं. ते अपुरं होतं, आणि थोडं कठोरही. संदेष्टा एलीया दमून रतामाच्या झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूतानं त्याला प्रार्थना करायला सांगितलं नाही. उठवून म्हणाला, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाणी होतं. खाऊन तो परत झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवून परत खायलाच सांगितलं. शिष्य गावोगाव फिरून आले तेव्हा येशूनंही त्यांना म्हटलं की एकांतात चला, थोडा विसावा घ्या, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती.

माझी पत्नी बारा वर्षं खेड्यांत रात्री दोनचं दार उघडत राहिली. मी उपदेश करायला बाहेर, दार तिच्याकडं. पन्नाशीतच तिचे गुडघे गेले, साखर वाढली. मी त्याला तिचा त्याग म्हणत आलो. तिला कधी विचारलं नव्हतं. परवा हा धागा वाचून विचारलं. ती म्हणाली, "दार मी आनंदानं उघडलं. पण एखाद्या रात्री तुम्ही उठला असतात तर बरं झालं असतं."

केडगाव_लोकल
पाळकसाहेब, काकूंना माझा सलाम सांगा.

हिशेबनीस
माझाही. आणि तुम्ही हे इथं लिहिलंत यासाठी मनापासून आभार.

रूथ_नगरकर
तीन आठवड्यांनी येतेय. सगळं वाचलं, काही प्रतिसाद मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवले.

काय केलं ते सांगते. इन्चार्ज सिस्टरकडं गेले. म्हटलं, महिन्याला एक नाइट मी दुसऱ्या कुणासाठी करीन, आपखुशीनं, कुणासाठी ते मी ठरवीन. त्यापुढच्या नाहीत. आणि जी करीन ती ड्युटी रजिस्टरवर अदलाबदल म्हणून चढली पाहिजे, तोंडी नाही. त्यांना आधी राग आला. मग मी चार-चाळीसचं सांगितलं. हे मी त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं, लपवलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग महिन्याभरातल्या तोंडी अदलाबदलींची यादी करायला सांगितली. एकट्या आमच्या युनिटमध्ये एकोणीस निघाल्या. यादी वर गेली आहे. नवीन माणसं मिळतील की नाही माहीत नाही, पण वर पहिल्यांदाच कागद गेलाय.

साखरपुड्यावाली मैत्रीण चिडली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबा घेऊन आली, मेथीचे ठेपले. बोलली अजून नीट नाही.

केडगावताई, तुमच्या प्रश्नावरून एक सुचलं. ती नवीन मुलगी, जिनं "सिस्टर, चार दिसतंय" म्हटलं, तिला रोज ड्युटी संपल्यावर पंधरा मिनिटं व्हेंटिलेटर शिकवते. आधी मला कधी वेळच नसायचा. काल तिनं स्वतः अलार्मचं कारण ओळखलं, मी यायच्या आत ट्यूबमधलं पाणी काढलं होतं तिनं.

या महिन्याची माझी एक नाइट मी आमच्या आयामावशींच्या मुलीसाठी ठेवली आहे, ती वॉर्डात नर्स आहे, तिची सेमिस्टरची परीक्षा आहे. मूठ काढून ठेवली वहिनी. भांडं सरळ आहे.

आयझॉलची_वहिनी
❤

गवंडीकाका
बेटा, एकोणीसची यादी काढलीस हे फार मोठं काम केलंस. ठेपले संपव, डबा रिकामा परत देऊ नकोस.